कखेतीचं राज्य (जॉर्जिया): सालं जुळेनात, राजांची यादी जुळेना

गोदाकाठ (परळी वैजनाथ)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत या वर्षी जगातल्या छोट्या राज्यांवर बोलायचं ठरलंय आणि माझ्या वाट्याला जॉर्जियातलं कखेती आलंय. वेळ 45 मिनिटं. सोबत भिंतीवर लावायला सहा फुटी कालपट करायचा आहे, तिथंच अडले. राज्याची सुरुवात कुठं 1465 दिलीय, कुठं 1466, आणि एका ठिकाणी तर थेट अकराव्या शतकातली. तेयमुराझ नावाचा राजा यादीत तीनदा येतो. तो एकच माणूस की तिघं? राणी केतेवानच्या अस्थी गोव्यात सापडल्या हे कितपत पक्कं धरायचं, हेही सांगा. आणि मुख्य म्हणजे, सोळाव्या शतकात एवढं भरभराटीला आलेलं राज्य दोन-तीन वर्षांत कामून बसलं, हे श्रोत्यांना नीट सांगता आलं पाहिजे. नुसतं "इराणचा शाह अब्बास आला आणि लुटून गेला" म्हणून माझंच समाधान होत नाही.

शकगणना (पैठण)

ताई, आधी दोन कखेती वेगळी करा, निम्मा घोळ तिथंच मिटतो.

पहिलं कखेती अकराव्या शतकातलं. तिसऱ्या क्विरिकेनं शेजारचा हेरेती प्रांत जोडून ते वाढवलं. बांधकामकर्ता म्हणून ओळखला जाणारा चौथा दावीद यानं 1104 च्या एर्त्सुखीच्या लढाईनंतर ते अखंड जॉर्जियात मिळवून टाकलं. तुमचा विषय हे राज्य नाही. पटावर सुरुवातीला एक फिकट पट्टी देऊन पुढं चला.

दुसरं कखेती अखंड जॉर्जिया फुटल्यावर निघालं. आठव्या गिओर्गीला 1463 मध्ये चिखोरीच्या लढाईत बंडखोर बाग्रातनं हरवलं. 1465 मध्ये सामत्स्खेचा सरदार क्वार्क्वारे यानं तर गिओर्गीला कैदच केलं. तोवर मधला कार्तली प्रांत बाग्रातच्या घशात गेला होता. सुटका झाल्यावर गिओर्गी पूर्वेला कखेतीत येऊन राहिला आणि तिथं त्याला "पहिला गिओर्गी" म्हणू लागले. म्हणजे अखंड जॉर्जियाचा आठवा आणि कखेतीचा पहिला हा एकच माणूस. फुटीचं वर्ष धरलं तर 1465 येतं, त्याचा अंमल बसल्याचं वर्ष धरलं तर 1466. तुम्ही 1465 घ्या आणि खाली बारीक अक्षरात कारण लिहा. सगळ्या पक्षांनी ही फाळणी 1490 च्या सुमारास मान्य केली, तीही खूण हवीच.

सालांबद्दल आणखी एक. मूळ जॉर्जियन नोंदींत "कोरोनिकोनी" हा 532 वर्षांचा फेरा असतो. तुमच्या काळाचा फेरा 1313 ला सुरू होतो, म्हणून नोंदीतल्या आकड्यात 1312 मिळवायचे. कोरोनिकोनी 312 म्हणजे 1624. आपल्याकडं नुसतं संवत्सराचं नाव असलं की साठ-साठ वर्षांचा घोळ होतो ना, शकाचा आकडा सोबत लागतो, तसंच हे आहे. इराणी नोंदी हिजरीत असतात. ढोबळ हिशेब असा: हिजरी सालाला 0.97 नं गुणायचं आणि 622 मिळवायचे. हिजरी 1033 घेतलं तर 1624 निघतं. पण हिजरी वर्ष चांद्र आहे, दोन इसवी सालांत मोडतं, त्यामुळं एका वर्षाचा फरक दिसला तर लगेच चूक समजू नका. शिवाय जॉर्जियन तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या. सतराव्या शतकात त्या दहा दिवस मागं पडतात, अठराव्यात अकरा.

पटाचं माप: सहा फूट म्हणजे 72 इंच. 1465 ते 1801 ही 336 वर्षं, इंचाला पाच वर्षं धरली तर 67 इंच होतात. उरलेले पाच इंच जुन्या कखेतीला. इंचाला चार वर्षं धराल तर 84 इंच लागतील आणि कागद संपेल.

बालाघाट (अंबाजोगाई)

राज्य वाढलं कशानं, हे आधी सांगितलंत तरच ते बसलं कशानं हे श्रोत्यांना कळेल. दोन्ही एकाच जागी आहे.

गिओर्गीनं आल्याआल्या वंशपरंपरेचे मोठे सरदार, त्यांच्या भाषेत "एरिस्तावी", बाजूला केले. मुलूख लहान तुकड्यांत पाडला आणि प्रत्येकावर राजानं नेमलेला "मौरावी" बसवला. आपल्या श्रोत्यांसाठी सांगायचं तर देशमुखी वतन मोडून पगारी अंमलदार नेमावा तसं. लष्कराचे विभागही बड्या घराण्यांकडं न देता बिशपांच्या निशाणाखाली ठेवले, आघाडीची फळी बोदबेच्या बिशपाकडं. बिशपाला औरस वारस नसतो, त्यामुळं फौज एखाद्या घराण्याची खासगी होत नाही. शेजारच्या कार्तलीत मोठ्या सरदारांनी राजाला पिढ्यानपिढ्या सतावलं. कखेतीत ते त्या प्रमाणात झालं नाही याचं मुख्य कारण माझ्या मते हेच.

दुसरा आधार अलझानी नदीचं खोरं. द्राक्षं, रेशीम आणि पूर्वेकडचा व्यापारी रस्ता. ग्रेमी ही राजधानी आणि झेगामी ही बाजारपेठ, दोन्ही त्या रस्त्याला लागून. झेगामीची जागा आज अझरबैजानच्या हद्दीत आहे, म्हणून आजचा नकाशा जसाच्या तसा लावू नका. आजचा कखेती प्रांत साधारण 11,300 चौरस किलोमीटर, आपल्या बीड जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. जुनं राज्य त्याच्या पूर्वेलाही पसरलेलं होतं.

हे सगळं फळाला आलं लेवानच्या काळात. त्याच्या आधीचा दुसरा गिओर्गी बापाला मारून गादीवर आला, कार्तलीवर चालून गेला, पकडला गेला आणि 1513 मध्ये राज्यच कार्तलीनं गिळलं. लेवाननं ते 1520 च्या आसपास परत उभं केलं आणि 1574 पर्यंत राखलं. युक्ती साधी आणि महागडी: इराणच्या शाहाला खंडणी वेळेवर पोचवायची, पोरगा ओलीस ठेवायचा, पण आतला कारभार आपला. ग्रेमीचं मुख्य देवदूतांचं चर्च त्यानंच 1565 मध्ये बांधलं, ते अजून उभं आहे. 1555 च्या अमास्याच्या तहात तुर्क आणि इराण यांनी जॉर्जिया वाटून घेतला तेव्हा कखेती इराणच्या बाजूला पडलं. या तहाला पटावर ठळक जागा द्या. पुढची दीडशे-दोनशे वर्षं त्या रेषेनं ठरवली.

आता बिघाड. लेवानचा मुलगा दुसरा अलेक्सांद्रे यानं 1587 मध्ये रशियाच्या झारशी निष्ठेचा करार केला. इराणच्या ताटाखाली राहून दुसऱ्या ताटावर हात. रशियन फौज दागेस्तानातून वाट काढून येणार होती, पण 1594 आणि 1605 या दोन्ही वेळा तिचा तिथंच पराभव झाला. म्हणजे शाहाच्या मनात संशय पेरला गेला आणि मदत तर आली नाही. 1605 मध्ये शाहाच्या दरबारात वाढलेला, मुसलमान झालेला मुलगा कोन्स्तान्तिने यानं बाप आणि भाऊ दोघांना मारलं. काही महिन्यांत विधवा भावजय केतेवान हिच्या पुढाकारानं कखेतीच्या सरदारांनी त्यालाही संपवलं आणि तिचा सोळा वर्षांचा मुलगा तेयमुराझ गादीवर बसला.

तेयमुराझ एकच आहे, ताई. पटावर त्याच्या तीन पट्ट्या दाखवा: 1605 ते 1616, 1625 ते 1633, 1634 ते 1648. सगळ्या पट्ट्यांना एकच रंग, मधल्या फटींत इराणी सुभेदारांचा वेगळा रंग. "पहिला तेयमुराझ" हे तिन्ही ठिकाणी लिहा. नाहीतर अठराव्या शतकातला दुसरा तेयमुराझ आला की लोक त्याला चौथा समजतील. आणखी एक नाव चुकवू नका: 1614-15 मध्ये शाहानं बसवलेला ईसा खान. तो लेवानचाच नातू, मूळ नाव येसे. उठाव झाला त्यात मारला गेला. बऱ्याच याद्यांत तो गळतो.

1614 ते 1616 या तीन वर्षांत खरं काय झालं ते असं. शाह अब्बास पहिल्यांदा आला तेव्हा तेयमुराझ पश्चिमेला इमेरेतीत निसटला. 1615 मध्ये कखेतीनं बंड केलं. 1616 ला शाह परत आला तो फक्त राजाला शिक्षा करायला नाही. माणसं उचलायला आला. दरबारी इतिहासकार इस्कंदर बेग मुन्शी 60 ते 70 हजार मारले आणि एक लाखाहून जास्त कैद करून नेले असं लिहितो. आकडे दरबारी आहेत, शाहाची थोरवी सांगण्यासाठी गोल केलेले असणार, पण उचल प्रचंड होती यात वाद नाही. ही माणसं माझंदरान आणि फेरेदान भागात वसवली. फेरेदूनशहर इथं त्यांचे वंशज आजही जॉर्जियन बोलतात.

ताई, तुमच्या "कामून"चं उत्तर मला इथं दिसतं. कखेतीची ताकद किल्ल्यांत नव्हती, वेलीत, तुतीत आणि रस्त्यात होती. तुतीचं झाड लावल्यावर रेशीम निघेपर्यंत वर्षं जातात, आणि किडे पाळणारी, कोष उकळून धागा काढणारी हातं हवीत. बाजारपेठ जाळली तर पुन्हा उभी राहते. कारागीर आणि कुळंच नेली तर राजा परत आला तरी वसूल कुणाकडून करणार? तेयमुराझ दोनदा परत आला, पण पहिल्यासारखी फौज त्याला कधी उभी करता आली नाही ती यामुळंच. ग्रेमी उठलं, राजधानी पुढं तेलावीला गेली. आपल्याकडं तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची माणसं दौलताबादेत आणली, कखेतीत उलटं, तिथली माणसं बाहेर नेली, असं एका वाक्यात सांगितलं तर श्रोत्यांना चित्र दिसेल.

उरलेलं थोडक्यात. 1625 मध्ये गिओर्गी साकाद्झेच्या उठावात मार्त्कोपीला विजय, त्याच उन्हाळ्यात माराब्दाला हार. 1648 मध्ये कार्तलीच्या रोस्तोमनं तेयमुराझला कायमचं हाकललं. मग इराणनं रिकाम्या खोऱ्यात तुर्कमान टोळ्या वसवायला घेतल्या, त्याविरुद्ध 1659 चा बाख्त्रिओनीचा उठाव. वसाहतीचा बेत त्या उठावानं मोडला. म्हणून 1616 पेक्षाही हे साल मी ठळक करीन. तुर्कमान तिथं मुरले असते तर आज कखेती जॉर्जियन राहिलं नसतं.

मोडीवाचक (लातूर)

नावांचं लिहितो, कारण व्याख्यानात तिथंच अडखळायला होतं.

जॉर्जियनमध्ये त-थ, क-ख, प-फ यांसारखा भेद आहे, पण तो इंग्रजीतून येताना गळतो. तेलावीतला पहिला वर्ण खरा "थ" च्या जवळचा, केतेवानमधला "क" आपल्या "ख" कडं झुकणारा. तरी रूढ झालेली तेलावी, केतेवान हीच रूपं ठेवा. "कखेती" मध्ये पहिला स्वर खरं तर "आ" आहे, पण काखेती लिहिलं की ऐकणाऱ्याला "काखेत कळसा" आठवतो आणि लक्ष उडतं. कखेतीच बरं.

जमेची बाजू ही की मराठी माणसाला दोन "च" आणि दोन "ज" आहेत. म्त्सखेता या जॉर्जियाच्या जुन्या राजधानीच्या नावातला "त्स" म्हणजे "चमचा" मधला च. झेगामीचा पहिला वर्ण "जावई" मधला ज. एवढं सांगितलंत तर श्रोते बरोबर उच्चारतील. हिंदी पुस्तकातून नावं उचललीत तर हे हरवतं.

राजांच्या जोडनावांचीही नोंद करा. अठराव्या शतकात कखेतीच्या राजांना इराणी दरबारात वेगळं नाव असे: दुसरा दावीद म्हणजे इमाम कुली खान, दुसरा कोन्स्तान्तिने म्हणजे महमद कुली खान. एकाला दोन समजून यादी लांबते.

कुंभारकाठ (नांदेड)

केतेवानच्या अस्थींबद्दल. क्रम नीट लावा, कारण पुष्कळ ठिकाणी तो उलटसुलट सांगितला जातो.

तेयमुराझनं शाहाला शांत करण्यासाठी आई आणि दोन मुलं, लेवान आणि अलेक्सांद्रे, ओलीस म्हणून पाठवली. मुलांचं खच्चीकरण केलं गेलं. केतेवानला शिराझमध्ये ठेवलं, तिथला सुभेदार इमाम कुली खान. हा वरच्या दुसऱ्या दावीदचा नावबंधू, माणूस वेगळा, घोळ करू नका. तो अल्लाहवर्दी खानचा मुलगा, म्हणजे गुलाम म्हणून इराणी लष्करात जाऊन चढलेल्या जॉर्जियन घराण्यातलाच. आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे: त्याच काळात खडकी (नंतरचं औरंगाबाद) वसवणारा मलिक अंबर हाही विकला गेलेला हबशी गुलाम होता, 1626 ला वारला. दरबाराला स्थानिक सरदारांवर भरवसा नसला की बाहेरून आणलेल्या गुलामांना मोठं करायची ही रीत दोन्हीकडं चालत होती.

धर्म बदलायला नकार दिल्यावर सप्टेंबर 1624 मध्ये तप्त लोखंडानं हाल करून तिला मारलं. जॉर्जियन चर्च 13 सप्टेंबर हा दिवस पाळतं, तो जुन्या पंचांगाचा, आजच्या हिशेबानं 26 सप्टेंबर. शिराझमध्ये 1623 पासून पोर्तुगीज ऑगस्टीनियन पाद्री होते. त्यांनी तिचे अवशेष काढून घेतले. काही भाग तिच्या मुलाकडं पोचवला, तो कखेतीतल्या अलावेर्दीच्या कॅथेड्रलात ठेवला गेला. काही भाग 1627 मध्ये गोव्याच्या सेंट ऑगस्टीन मठात आला.

गोव्यात शोधताना अडचण अशी की 1835 मध्ये मठ बंद पडला आणि 1842 मध्ये छत कोसळलं. ढिगाऱ्यात जागा ओळखणार कशी? पोर्तुगीज कागदांत मठातल्या चॅप्टर चॅपेलच्या (पाद्र्यांच्या सभेच्या प्रार्थनालयाच्या) एका खिडकीजवळची जागा सांगितलेली होती. आधी चॅपेल कुठलं ते नक्की करायचं, मग खिडकी मोजायची. भारतीय पुरातत्त्व खात्याला 2004 च्या सुमारास तिथं हाड मिळालं. डीएनए तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेत झाली.

आता "कितपत पक्कं". दमट उष्ण हवेत चारशे वर्षं पडलेल्या हाडातला डीएनए तुटलेला असतो. पेशीत केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) डीएनएच्या शेकडो, म्हणून तोच हाताला लागण्याची शक्यता जास्त. त्यात यू1बी हा मातृवंशाचा गट निघाला. तो भारतीय नमुन्यांत सापडला नाही, जॉर्जियातल्या नमुन्यांत सापडला. हाड स्त्रीचं असल्याचंही दिसलं. पण मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतो. तो बाग्रातिओनी राजघराण्याची पितृवंशाची खूण देत नाही, आणि केतेवानचा मुलगा तेयमुराझ याच्या वंशजांतही तो पुढं गेला नाही. त्यामुळं "केतेवानच, शंभर टक्के" असं डीएनए एकटा म्हणू शकत नाही. जागा कागदाशी जुळली, लिंग जुळलं, प्रदेश जुळला, म्हणून बहुधा तिचंच. व्याख्यानात "बहुधा" हा शब्द गाळू नका. अवशेष 2017 मध्ये वर्षभरासाठी जॉर्जियाला नेले होते आणि जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यातला एक भाग तिबिलिसीत सुपूर्द केला.

गोदाकाठ (परळी वैजनाथ)

सगळ्यांचे मनापासून आभार. मौरावी आणि वतनाची तुलना आणि "माणसं उचलली" हाच व्याख्यानाचा कणा करते. आता एकच अडचण उरली, शेवटचं साल. राज्याचा शेवट 1762 लिहायचा की 1801? आणि खर्ड्याशी काही संबंध जोडता येतो का? आमचे श्रोते खर्डा म्हटलं की सावरून बसतात.

परांडा बुरूज (धाराशिव)

1762 ला कखेती पडलं नाही, मोठं झालं. म्हणून तिथं काळी रेघ मारू नका, दोन पट्ट्या एक होताना दाखवा. नादिरशाहनं 1744 मध्ये कार्तली दुसऱ्या तेयमुराझला आणि कखेती त्याच्या मुलाला, दुसऱ्या एरेकलेला दिलं. हा एरेकले तरुणपणी नादिरशाहच्या हिंदुस्थानच्या स्वारीत होता, ज्या स्वारीत दिल्ली लुटली गेली. 1762 ला बाप पीटर्सबर्गला वारला आणि एरेकलेनं दोन्ही गाद्या एक केल्या. म्हणजे कखेतीच्या राजानं कार्तली घेतली. स्वतंत्र नावाचा शेवट 1762, घराण्याच्या राज्याचा शेवट 1801. पटावर दोन्ही सालं येऊ द्या.

खर्ड्याचा संबंध सरळ नाही, पण सालाचा मेळ खरा आहे. एरेकलेनं 1783 मध्ये गिओर्गीयेव्स्कचा तह करून रशियाचं संरक्षण घेतलं. दोन पलटणी आल्या, त्या 1787 मध्ये परत गेल्या. 1795 च्या सप्टेंबरात इराणचा आगा मोहम्मद खान चालून आला, क्रत्सानिसीला एरेकलेचा पराभव झाला आणि तिबिलिसी जाळली गेली. रशियन फौज वेळेवर पोचलीच नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये खर्ड्याला निजाम मराठ्यांसमोर अडकला, तोही इंग्रजांच्या भरवशावर, आणि गव्हर्नर जनरल जॉन शोरनं तटस्थ राहायचं ठरवलं. पुढंही सारखंच: मदत न मिळालेल्या निजामानं 1798 मध्ये त्याच इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि एरेकलेचा मुलगा बारावा गिओर्गी यानं पुन्हा रशियाचंच दार ठोठावलं. फरक शेवटाचा. निजामाची गादी तैनाती फौजेखाली 1948 पर्यंत टिकली. गिओर्गी डिसेंबर 1800 मध्ये वारला आणि झारनं नवा राजा बसवूच दिला नाही. सप्टेंबर 1801 च्या जाहीरनाम्यानं राज्य रशियात विलीन झालं, 1802 मध्ये तिबिलिसीच्या सिओनी कॅथेड्रलात सरदारांना बोलावून, बाहेर सैनिकांचा वेढा ठेवून, शपथा घेतल्या.

एक सावधगिरी. 1795 चा हल्ला करणाऱ्याला काही जण नादिरशाहचा वंशज म्हणतात, ते चूक आहे. तो काजार घराण्याचा. आणि पटावर "तिबिलिसीचा पाडाव" सप्टेंबर 1795 ला टाकताना त्याच इंचात वरच्या बाजूला खर्डा, 11 मार्च 1795, लिहा. इंचाला पाच वर्षं या मापात दोन्ही खुणा एकमेकींवर येतील, म्हणून एक रेघेच्या वर आणि एक खाली घ्या.